शेतकरी बंधूंनो

दिवाळीत गावी गेलो की संध्याकाळी फुईच्या, म्हणजे आत्याच्या, घरी टीव्ही चालू असतो आणि फुई त्याच्याकडे पाठ करून बसलेली असते, बोटांना खोबरेल चोळत. चोपडा तालुक्यातली आमची काळी जमीन, दिवसभर कापूस वेचला की बोंडांची वाळकी टोकं नखांच्या कडेला घुसतात. तेल लावताना ती तोंड वाकडं करते, पण बोलत नाही.

त्या दिवशी टीव्हीवर एक तज्ज्ञ सांगत होते, "शेतकरी बंधूंनो, सकाळचं दव उडाल्यावरच वेचणी करा."

फुई मागे न वळता म्हणाली, "मी काय बंधू शे का?"

मी हसलो खरा, पण हे 'बंधूंनो' मी लहानपणापासून रेडिओवर, टीव्हीवर ऐकतोय आणि एकदाही कानाला खुपलं नव्हतं. आमच्याकडे फवारणी पुरुषाची, मोटार चालू करणं त्याचं, बाजारात कापसाचा भाव करणंही त्याचंच. निंदणी आणि वेचणी मात्र बायांची. म्हणजे काम एकीचं आणि सल्ला भलत्यालाच. बायकांसाठीचे कार्यक्रम असायचे दुपारी, पाककृतींचे. त्या वेळी आमच्या बाया वावरात असायच्या.

बियाण्यांच्या जाहिराती आठवून बघा. मिशीवाला, फेटेवाला, शेजारी बोंडांनी लगडलेलं झाड. बाई असलीच तर मागे, डोक्यावर भाकरीचं टोपलं घेऊन येणारी. धुण्याच्या पावडरीच्या जाहिरातीत मात्र ती अगदी पुढे असते, नवऱ्याचा पांढरा शर्ट उन्हात धरून. तो शर्ट ज्या कापसाचा, तो वेचणाऱ्या हातांपर्यंत कॅमेरा कधी पोचत नाही. २०१५-१६च्या कृषिगणनेत देशातल्या शेतखातेदारांमध्ये बायका सुमारे १४ टक्के निघाल्या. बाकी कुठे जमो न जमो, टीव्हीचं आणि सातबाऱ्याचं इथे बरं जमतं.

शब्दांवरून आठवलं. २००७ साली आमच्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या, तेव्हा बाईला 'राष्ट्रपती' म्हणायचं की दुसरं काही, यावर केवढी चर्चा रंगली होती! १९६२ पासून आमदारकी केलेल्या बाईचं पदनाव सगळ्यांना अडलं. 'शेतकरी बंधू' कुणालाच अडलं नाही.

फुई सिरियल मात्र समोर बसून बघते. जरीची साडी नेसून झोपेतून उठणाऱ्या सुनेला बघून विचारते, "हाई कधी भांडा घासस?" आणि तरी नातसून शोधायची वेळ आली तेव्हा तिला 'तशी' पोरगी हवी होती. तशी म्हणजे गोरी, नाजूक, हळू बोलणारी. नाजूक पोरगी कापूस कसा वेचेल, हे मी विचारलं नाही. सणासुदीला शिव्या कोण खाईल?

निघायच्या आदल्या दिवशी फुईची तिसरीतली नात ओट्यावर चित्र काढत होती. शाळेत 'आपला शेतकरी' काढायला सांगितलं होतं. फेटा झाला, मिशी झाली, बैल जरा शेळीसारखे झाले. फुई वाकून बघत राहिली.

"बाई कोठे शे?"

नातीने लगेच कोपऱ्यात बाई काढली. डोक्यावर टोपलं, ते धरायला दोन्ही हात वर.

"भाकर मीच लई जास, ते खोटं नई," फुई म्हणाली. "पन तिना हातमा खुरपं दे."

पोरगी विचारात पडली. "हात कुठे आहेत रिकामे, आजी?"

"मंग टोपलं खाले ठेव ना."

नातीने कंपासपेटी उघडली आणि खोडरबर शोधू लागली.