६२.३ वर अडलेला काटा आणि चक्कीवरचा तराजू

मंडळी, काटा हलला. खरं तर वजन हलतच होतं, आमचा काटा ते सांगायला तयार नव्हता. हा सगळा अहवाल त्याच भांडणाचा आहे, बाकीचं दोन ओळींत उरकते.

मागच्या वेळी ७४ किलोंवरून ६० ला जाताना वजन ६२.३ वर अडल्याचं रडगाणं गायले, तेव्हा तुमच्यातल्या निम्म्यांनी विचारलं, ‘तेल मोजतेस का?’ मोजते. फोडणीआधी तेलाची बुधली किचन काट्यावर, फोडणीनंतर परत काट्यावर, जो फरक येईल ते तेल. चमचा-पळी या मापांवर माझा विश्वास नाही. शेंगदाण्याचं कूटही तसंच. त्यामुळे १९९२ चा न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकातला तो अभ्यास (‘काही केल्या वजन उतरत नाही’ म्हणणारी माणसं प्रत्यक्षात सांगतात त्यापेक्षा कितीतरी जास्त खात होती, खाणं सरासरी ४७ टक्के कमी नोंदवत होती) माझ्या तोंडावर फेकू नका. मला तो पाठ आहे, आणि इथे तो लागू पडत नव्हता.

लागू पडत नव्हता हे मी टेपवरून म्हणत होते. बेंबीच्या रेषेत कंबर ८३ वरून ८१.५ सेंटिमीटरवर आली. त्याच काळात काटा मात्र ६२.३, ६२.३, ६२.३. मधे एखाद्या रविवारनंतर ६२.९ दाखवायचा आणि मग तिथेच चिकटून बसायचा. दीड सेंटिमीटर कंबर हवेत तर विरघळत नाही. पेशीत पाणी साचतं, स्नायू वाढतो, ही सगळी स्पष्टीकरणं मान्य, पण दशांशानंतरचा आकडासुद्धा रोज तोच? माणसाचं वजन इतकं शिस्तीचं नसतं.

मग एका सकाळी हातात पाण्याचं फुलपात्र होतं. काट्यावर उभी राहिले: ६२.३. खाली उतरले, तिथेच उभ्या उभ्या सगळं पाणी प्यायले, पुन्हा चढले: ६२.३. फुलपात्र पाव लिटरचं आहे, मी आधीच मापून ठेवलंय. पाव लिटर पाणी म्हणजे अडीचशे ग्रॅम. काटा शंभर ग्रॅमपर्यंत दाखवतो असं खोक्यावर छापलेलं. मग हे अडीचशे ग्रॅम गेले कुठे?

कणकेची पाच किलोची पिशवी उचलली आणि ती घेऊन चढले. आकडा वर गेला. पिशवी खाली ठेवली, काटा बंद होऊ दिला, परत चढले. ६२.१! पाणी पोटात असताना, पाण्याआधीच्यापेक्षा कमी!

ज्यांना हे माहीत आहे ते हसतायत, मला दिसतंय. ज्यांना नाही त्यांच्यासाठी: घरगुती डिजिटल काट्यांपैकी बऱ्याच काट्यांत शेवटचं वजन लक्षात ठेवायची सोय असते. नवं वजन जुन्याच्या जवळपास असेल तर काटा खुशाल जुनाच आकडा दाखवतो. गिऱ्हाईक दोन-तीनदा चढून पाहतं, दरवेळी तोच आकडा येतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, वा, काय अचूक काटा आहे! आमच्या काट्यात ही ढील साधारण चारशे ग्रॅमची निघाली. म्हणजे मी अडले तेव्हा खरं वजन ६२.७ असेल आणि आता ६१.९ असेल, तरी दोन्ही वेळा खिडकीत ६२.३च. सात दिवसांची सरासरी काढून उपयोग काय, सातही आकडे आधीच इस्त्री करून दिलेले! माहितीपत्रकात याबद्दल एक अक्षर नाही. दुकानदाराला विचारलं तर म्हणे, ‘काटा एकदम परफेक्ट है मॅडम, देखो ना, हर बार सेम आ रहा है.’ यावर काय बोलणार.

खात्री करायला दुसरा काटा हवा होता. घरगुतीच आणला असता तर दोन खोटारड्यांची जुगलबंदी झाली असती. म्हणून गव्हाची चक्की. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे तिच्यावर मोठा प्लॅटफॉर्म तराजू आहे, वीस ग्रॅमच्या पायरीने चढतो आणि त्याच्यावर वजन-मापवाल्यांचा पडताळणीचा शिक्का आहे. घरून निघताना कणकेच्या पिशवीने आठवण पुसलेला काटा कपड्यांसकट ६२.७ म्हणत होता. चक्कीवर चपला काढून चढले तर चक्कीवाले भिया पिठाच्या धुरळ्यातून बघतच राहिले. ‘तुलवाना है कि पिसवाना है?’ तराजूवर आलं ६२.७४. त्याच कपड्यांत, त्याच चहा-बिस्किटावर. म्हणजे आमच्या काट्याचं यंत्र ठीक आहे, त्याची आठवण काढून टाकली की तो खरं बोलतो.

तेव्हापासूनची पद्धत: सकाळी आधी कणकेची पिशवी काट्यावर, मग काटा बंद, मग मी. (पिशवीवर ‘मळू नये’ लिहून ठेवावं लागलं.) या पद्धतीची पहिली पूर्ण सरासरी ६१.८ आली. इतके दिवस जो अर्धा किलो हरवला होता तो सापडला, आणि मी दोन लाडू खाऊन साजरा केला. मोजलेले लाडू.

आता खरा मुद्दा. मला काट्याचा राग यायचं कारण चारशे ग्रॅम नाहीत. वजन ७४ असताना हाच काटा, हीच ढील, कधी जाणवलीच नव्हती. शेवटच्या दोन किलोंतच का नडली? हिशोब मांडते, तुम्ही तपासा.

मिफ्लिन-सेंट ज्योरच्या सूत्राने (उंची १६०, वय ४६) ७४ किलोला माझा विसाव्याचा खर्च १३४९ कॅलरी होता, ६२ ला तो १२२९. माझ्या हालचालीसाठी दीडने गुणलं तर दिवसाचे २०२४ आणि १८४४. मी खाते १६००. सुरुवातीला रोजची तूट ४२४ होती, म्हणजे ७७०० कॅलरींना एक किलो चरबी धरून आठवड्याला ३८५ ग्रॅम. आता कागदावर तूट २४४ उरते. त्यातून आणखी कापा, कारण घटलेलं शरीर सूत्रापेक्षाही काटकसर करतं. लाईबेल आणि रोझेनबाउम यांनी १९९५ मध्ये हेच दाखवलं होतं: दहा टक्के वजन उतरवून टिकवलं की खर्च नव्या आकारमानाला शोभेल त्याच्याही खाली जातो. शिवाय माणूस नकळत कमी हलतो. मी स्वतःपुरते त्याचे शंभर धरते. उरले १४४. आठवड्याला १३० ग्रॅम.

१३० ग्रॅम! आणि पाण्याची चढउतार किती? एक ग्रॅम ग्लायकोजेन (शरीरात साठवलेली साखर) आपल्याबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून बसतं. श्रावणी सोमवारी उपास म्हणून साबुदाण्याची खिचडी खाल्ली, तर तो शुद्ध स्टार्च असल्याने मंगळवारी काटा वर जाणारच. शेव आणि पोह्यांवरच्या जिरावण मसाल्याचं मीठ वेगळं. या वयात पाळीचं वेळापत्रक विस्कटलेलं असतं, ते पाणी आणखी वेगळं. किलोभराची लाट आणि तिच्याखाली १३० ग्रॅमचा उतार. चांगला काटा असता तरी हा उतार दिसायला दीड-दोन महिने लागले असते. आमच्या काट्याची ढील तर तीन आठवड्यांची कमाई एका घासात गिळत होती. तेव्हा ‘अडलं’ म्हणण्याआधी तुमची आठवड्याची अपेक्षित घट काढा आणि ती तुमच्या काट्याला, तुमच्या पाण्याला दिसण्याइतकी मोठी आहे का ते बघा. माझी नव्हती.

याच हिशोबाची दुसरी बाजू इंदूरकरांना जास्त झोंबेल. पंचवीस ग्रॅम शेव म्हणजे जवळजवळ १४० कॅलरी. माझी अख्ख्या दिवसाची तूट म्हणजे मूठभर शेव. पोह्यांना उगाच बदनाम करू नका, आपले इंदुरी पोहे वाफेवर राहतात, तेल बेताचं असतं. वरची शेव आणि शेजारची जिलबी हा खरा खर्च. मी पोहे ठेवलेत, शेव काट्यावर दहा ग्रॅम, कांदा-कोथिंबीर-लिंबू मनसोक्त. भुट्ट्याचा कीसही चालू आहे, घरचा, दूध मोजून. सराफ्यातला, म्हणजे आपल्या रात्रीच्या खाऊबाजारातला कीस मी नोंदवत नाही, कारण नोंदवण्यासारखा आकडाच काढता येत नाही. त्या दिवशी वहीत नुसतं ‘सराफा’ लिहिते.

आता बेत. हे लिहायला बसले तेव्हा बेत असा होता की १६०० वरून १४५० वर यायचं आणि ६० गाठायचं. पण वरचा हिशोब टाईप करता करता विचार फिरला. १४५० वर आले तर आठवड्याला आणखी १३६ ग्रॅम मिळतील, आणि त्यासाठी संध्याकाळचं दही, नाहीतर रात्रीची एक पोळी आणि भाजीतलं तेल सोडावं लागेल. प्रोटीन सांभाळायचं असेल तर दह्याला हात लावायचा नाही. मला हा सौदा महाग वाटतो. आमच्या सासूबाई आधीच म्हणतायत, ‘अगं बास आता, गालफडं बसली.’

आणि ६० हा आकडा तरी कुठून आला? गोल दिसतो म्हणून. आपल्याकडच्या निकषाने जास्त वजनाची रेषा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २३ ची, ती माझ्या उंचीला ५८.९ ला येते, ६० ला नाही. उलट कंबरेची रेषा बायकांसाठी ८० सेंटिमीटर, आणि माझ्या उंचीच्या निम्मे बरोबर ८०. दोन वेगळ्या निकषांनी एकच आकडा! शिवाय टेपला आठवण नसते. तर ठरलं, लक्ष्य बदललं: कंबर ८० च्या आत. उरले दीड सेंटिमीटर. वजन जे असेल ते असो, वहीत लिहीन, पण हुकूम टेपचा.

टेपबद्दल एक सूचना. शिवणकामाची स्वस्त प्लास्टिकची पट्टी वापरून वापरून ताणली जाते. फायबरग्लासची घ्या, राजवाड्याजवळ शिवणसामानाच्या दुकानांत सहज मिळते. वर्षातून एकदा स्टीलच्या टेपशी ताडून बघा. मोजताना श्वास सोडून, पोट न ओढता, सकाळी, त्याच जागी. आमचे हे मदतीला येतात तेव्हा पट्टी कमरेत रुतेपर्यंत आवळतात आणि आकडा खूश करतो, म्हणून मी एकटीच मोजते. आणि काट्यावर ‘चरबी टक्के’ नावाचा जो आकडा येतो ना, तो विसरा. एका पायातून वीज सोडून दुसऱ्या पायातून मोजतात आणि पाण्यावरून चरबीचा अंदाज बांधतात. ते फुलपात्र प्यायच्या आधी आणि नंतर हाही आकडा बघा, मजा येईल.

जेवण कापायच्या ऐवजी दोन गोष्टी. आठवड्यातून तीनदा डंबेल्स (नवरात्रापर्यंत स्क्वॉट वीस किलोवर न्यायचे आहेत). नवा व्यायाम सुरू केला की स्नायू पाणी धरतात, म्हणजे काटा पुन्हा फुगणार, मला चालेल. आणि गणपतीत पूर्ण मेन्टेनन्स, म्हणजे वजन आहे तिथेच राहील इतकं खाणं, साधारण १७५०, तूट शून्य. ऑस्ट्रेलियातल्या मॅटाडोर अभ्यासात (२०१७) दोन आठवडे तूट, दोन आठवडे मेन्टेनन्स असं आलटून पालटून केलेल्या गटाचं वजन सलग तुटीवाल्यांपेक्षा जास्त उतरलं होतं. पण ते सगळे लठ्ठ पुरुष होते, मी दोन्हीपैकी काही नाही, आणि पुढच्या अभ्यासांत तो फायदा तितका दिसला नाही. मी तो चयापचय वगैरेसाठी करतच नाहीये. घरात तळणीचे मोदक असताना १६०० वर बसणं हा निव्वळ मूर्खपणा आहे, एवढंच.

अनंत चतुर्दशीच्या रात्री दरवर्षीसारख्या गिरण्यांच्या झांक्या (रोषणाईचे चित्ररथ) बघायला जाणार. रात्रभर उभं राहणं, जागरण, कचोरी, पहाटेचा चहा. त्यानंतरच्या सकाळचं वजन आत्ताच वर्तवून ठेवते: सरासरीपेक्षा एक किलो वर, आणि चार दिवसांत परत जागेवर. चुकलं तर सांगा. आणि तुमच्यापैकी कोणाकडे आठवण बंद करता येणारा काटा असेल, किंवा जुना स्प्रिंगचा, किंवा दवाखान्यात असायचा तसा सरकत्या वजनांचा, तर त्याची पायरी किती ग्रॅमची आहे ते कळवा. आधी फुलपात्राची चाचणी करून, मग कळवा.