तीन घावांचा लांडगा

आमच्या गेमचे काम तेव्हा जेमतेम निम्म्यावर आले होते. पाच प्रदेशांपैकी दोनच पूर्ण झाले होते. उरलेल्या तिन्हींत घरांच्या आणि डोंगरांच्या जागी करडे ठोकळे उभे होते. पुण्यातल्या ज्या स्टुडिओत मी सिस्टिम डिझायनर म्हणून काम करत होतो, तिथे त्या शनिवारी बाहेरचे आठ खेळाडू बोलावून पहिली दिवसभराची प्लेटेस्ट, म्हणजे गेम खेळवून बघण्याची चाचणी, ठेवली होती. मला धास्ती होती ती मध्येच बंद पडणाऱ्या बिल्डची, म्हणजे गेमच्या त्या दिवशीच्या आवृत्तीची. लढाईच्या आकड्यांबद्दल मी निर्धास्त होतो, कारण ते मी स्वतः बसवले होते.

दुपारी तीनच्या सुमारास, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी दहाव्या लेव्हलला, म्हणजे पात्राच्या ताकदीच्या दहाव्या पायरीला, पोहोचली आणि आपले पात्र घेऊन मुद्दाम सुरुवातीच्या जंगलात परतली. सकाळी तिथल्याच लांडग्यांनी तिला दोनदा मारले होते. मी वही घेऊन तिच्या खुर्चीमागे उभा होतो. ओढ्याकाठचा लांडगा अंगावर आला, तिने तीनदा तलवार चालवली आणि तो पडला. तिने दुसरा शोधला. पुन्हा तीनच घाव. मग मागे वळून ती म्हणाली, "सर, सकाळीसुद्धा तीनच लागत होते. मग दिवसभर मी कमावलं काय?"

मी जागेवर जाऊन आकड्यांची शीट उघडली. लांडग्याची हेल्थ, म्हणजे मरण्याआधी तो सोसू शकेल तेवढा मार, ३० अधिक खेळाडूच्या लेव्हलची १२ पट, आणि तलवारीचा घाव म्हणजे १० अधिक लेव्हलची ४ पट. पहिल्या लेव्हलला ४२ विरुद्ध १४, दहाव्या लेव्हलला १५० विरुद्ध ५०. कोणतीही लेव्हल घाला, भागाकार तीनच येणार. लढाई कुठेही फार सोपी किंवा फार अवघड होऊ नये म्हणून मी हे प्रमाण जपले होते, आणि नेमके त्यामुळेच खेळाडूच्या वाढीला काही अर्थ उरला नव्हता.

लेव्हल स्केलिंगची, म्हणजे खेळाडूच्या लेव्हलबरोबर शत्रूही वाढवण्याची, ही अडचण नवी नाही. २००६ साली आलेल्या 'ऑब्लिव्हियन' या गेममध्ये शत्रू खेळाडूबरोबर वाढतात, त्यामुळे पुढे पुढे रस्त्यावरचे वाटमारेसुद्धा काचेचे किमती चिलखत घालून समोर येतात. त्यावर खेळाडूंनी भरपूर टीका केली होती आणि ती मला ठाऊक होती. तरीही आम्ही त्याच वाटेने गेलो, कारण नकाशा मोकळा होता, खेळाडू कोणत्याही दिशेला जाऊ शकत होता, आणि एका सूत्रात सगळे प्रदेश सांभाळले जात होते. शिवाय अर्धवट गेममध्ये हा दोष दिसतच नाही. आमच्यापैकी प्रत्येक जण कन्सोलवर, म्हणजे गेममधल्या आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, आज्ञा देऊन हव्या त्या लेव्हलला उडी मारायचा, आपला तुकडा तपासायचा आणि बाहेर पडायचा. पहिल्या लेव्हलपासून दहाव्यापर्यंत सलग चालत गेलेले पात्र त्या दिवसापर्यंत स्टुडिओत कोणाकडेच नव्हते.

मी जंगलातला लांडगा पहिल्या लेव्हलवर कायमचा बांधला, म्हणजे हेल्थ ४२. आता खेळाडूच्या तिसऱ्या लेव्हलला तो दोन घावांत आणि आठव्या लेव्हलपासून एकाच घावात पडणार होता. प्रदेश रचणाऱ्या आमच्या लेव्हल डिझायनर ताईंनी लगेच रास्त शंका काढली: हाच नियम उत्तरेच्या खिंडीला लावला, तर तिथला बाराव्या लेव्हलचा राक्षस १७४ हेल्थ घेऊन उभा राहील, आणि नवा खेळाडू चुकून तिकडे गेला तर तेरा घाव घालण्याआधीच मरेल. माझे म्हणणे होते की मरू द्यावे, पण धोक्याची कल्पना आधी द्यावी. २००१ च्या जर्मन गेम 'गॉथिक'मध्ये जग खेळाडूसाठी वाकत नाही. कुठे जायचे नाही हे तो मार खाऊन शिकतो, आणि म्हणूनच पुढे तिथे परत जाण्यात त्याला गोडी वाटते. ताईंना ते अर्धेच पटले. मग खिंडीच्या तोंडाशी मोडक्या गाड्या आणि हाडे ठेवायची, इतके त्या संध्याकाळी ठरले. खिंड अजून करड्या ठोकळ्यांचीच होती.

साडेसहाला नवी बिल्ड चढवली आणि त्या मुलीला दहा मिनिटे थांबायची विनंती केली. ओढ्याकाठचा लांडगा एका घावात पडला. ती काहीच बोलली नाही. पण क्वेस्टची, म्हणजे गेमने नेमून दिलेल्या कामगिरीची, खूण गावाच्या दिशेला असूनही तिने वाट सोडली आणि दुसरा लांडगा शोधायला झाडीत शिरली.