आपल्या लिफ्टसारखं

"पण आत्या, नगरपालिकेनं १९२४ मध्येच तळं सगळ्यांना खुलं केलं होतं ना? मग बाबासाहेबांना १९२७ ला यावं का लागलं?"

महाडला, चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर भाच्याचा प्रश्न. वय चौदा. (मला वाटलं, हा फक्त वडापावसाठी आलाय.)

म्हटलं, "ठराव कागदावर होता रे. २० मार्चला बाबासाहेब आणि दलित लोक ओंजळभर पाणी प्यायले, तर त्या लोकांना मार पडला. वर सवर्णांनी तळं 'शुद्ध' करून घेतलं."

तो जरा गप्प. मग म्हणाला, "म्हणजे आपल्या लिफ्टसारखं."

आमच्या सोसायटीत कामवाल्या मावशींनी लिफ्ट वापरू नये, असा नियम कुठेच लिहिलेला नाही. तरी त्या पाच मजले जिन्यानं चढतात.

सहा वर्षं मी त्याच लिफ्टनं जातेय. मला कसं नाही दिसलं?