ह्यांचा पार्किन्सन्स आणि विखुरलेली टीम

निदान झालं तेव्हा न्यूरॉलॉजिस्टनी लेव्होडोपाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि फिजिओ लगेच सुरू करा म्हणाले. फिजिओथेरपिस्ट कोथरूडला, स्पीच थेरपिस्ट डेक्कनला, आहारतज्ज्ञ तिसरीकडेच. याचं त्याला माहीत नाही. निरोप पोचवणार मी.

पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभेत एका शुभंकर (म्हणजे घरच्या रुग्णाची काळजी घेणाऱ्या) बाईंनी सांगितलं, "वही घाला. गोळी कधी, जेवण कधी, अंग कधी आखडलं, सगळं लिहा." लिहायला लागले आणि दिसलं, दुपारी उसळ-दह्याच्या जेवणाबरोबर गोळी घेतली की हे चहापर्यंत जागचे हलत नाहीत. डॉक्टरांनी वही पाहिली आणि गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायला लावली. प्रथिनं आणि लेव्होडोपा शरीरात शिरताना एकमेकांच्या आड येतात म्हणे. मग आहारतज्ज्ञांनी डाळी-पनीर रात्रीच्या जेवणात हलवलं. तेव्हापासून प्रत्येकाकडे वही घेऊनच जाते.

न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी ह्यांचे पाय जमिनीला चिकटायचे. मी हात धरून ओढायची, त्याने आणखीच तोल जायचा. फिजिओच्या ताई घरी आल्या, दाराबाहेर फरशीवर पिवळ्या चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारल्या आणि म्हणाल्या, "काका, रेघ ओलांडा." ओलांडली की! खुर्चीतून उठवायचंही मला शिकवलं: आधी पुढे सरकायचं, पावलं मागे घ्यायची, मग वाकून उठायचं. माझी कंबर वाचली ती त्यामुळे.

आवाज बारीक झालाय हे ह्यांना पटतच नव्हतं. स्पीच थेरपिस्टनी रोज किराणावाल्याला फोन करायचं काम ह्यांच्यावर सोपवलं. तो पलीकडून "काय? मोठ्यांदा बोला" म्हणायचा, मग आपोआप आवाज चढायचा. (व्यायामापेक्षा भांडण जास्त व्हायचं, पण आवाज चढला हे खरं.)

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन्स आहे, तेव्हा यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) अर्ज ऑनलाइन भरून ठेवा.

मध्यंतरी ह्यांना पोटाच्या तक्रारीसाठी दुसऱ्याच एका हॉस्पिटलात ठेवलं होतं. नर्सबाई गोळ्या त्यांच्या राउंडच्या वेळेला द्यायच्या. उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड लिहिलेलं, जे पार्किन्सन्समध्ये टाळतात. वही दाखवून न्यूरॉलॉजिस्टना फोन लावून दिला, तेव्हा ते बदललं. आता वहीच्या पहिल्याच पानावर लाल शाईत गोळ्यांच्या वेळा, चालत नसलेली औषधं आणि डॉक्टरांचा नंबर आहे. मुलीच्या मोबाइलमध्येही त्याचा फोटो आहे.