आमची वाटचाल : पाऱ्याच्या दिव्याकडून एलईडीकडे

आम्ही छपाईसाठी यूव्ही, म्हणजे अतिनील प्रकाशाचे, ड्रायर बनवतो. कागदावरची शाई किंवा वार्निश दिव्याखालून जाताच वाळून कडक व्हायला हवं, हे आमच्या यंत्राचं काम. पहिली पंधरा वर्षं सगळा धंदा क्वार्ट्झच्या नळीतल्या थेंबभर पाऱ्यावर चालला. दिवा तापायला काही मिनिटं लागायची आणि विझवला तर थंड झाल्याशिवाय पुन्हा पेटायचा नाही. म्हणून मशीन थांबलं तरी दिवा चालूच ठेवायचा, फक्त शटर बंद करायचं.

एकदा दिवा बदलताना आमच्या कारागिराच्या हातून नळी निसटली. फरशीवर पाऱ्याचे मणी पळाले. तो झाडू घ्यायला धावला, मी ओरडूनच थांबवलं. झाडूने मणी आणखी फुटतात, वाफ वाढते. खिडक्या उघडल्या, सगळ्यांना बाहेर काढलं. मग हातमोजे घालून जाड कागदाच्या दोन तुकड्यांनी एकेक मणी उचलला आणि घट्ट झाकणाच्या बरणीत टाकला. ती वाफ आमच्याच माणसांच्या छातीत जाणार होती, हे त्या दिवशी उमगलं.

जपानमध्ये मिनामाताला कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा मासळीतून माणसांच्या मज्जासंस्थेपर्यंत गेला. पाऱ्याला आळा घालणारा, त्या गावाच्या नावाचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये झाला, २०१७ मध्ये लागू झाला. घरा-ऑफिसातल्या, पारा असलेल्या फ्लुरोसंट ट्यूबचं उत्पादन २०२७ पर्यंत थांबवायचं, असं या कराराच्या २०२३ च्या जिनिव्हा परिषदेत ठरलं. औद्योगिक यूव्ही दिव्यांना मात्र अजून सूट आहे. ‘सूट आहे ना, मग घाई कशाला?’ असं गिऱ्हाईक विचारायचं. पण युरोपच्या नियमांतली अशी सूट मुदतीची आहे आणि आमचं मशीन वीस वर्षं चालतं.

पहिलं एलईडी युनिट लावलं, वार्निश आरशासारखं चकाकलं. अंगठा दाबून फिरवला तर ठसा उमटला! पाऱ्याचा दिवा साधारण २०० नॅनोमीटरपासून वर प्रकाशाच्या अनेक लहरी देतो आणि त्यातल्या आखूड लहरी वरचा थर पक्का करतात. आमची एलईडी फक्त ३९५ नॅनोमीटरची. त्यात हवेतला ऑक्सिजन वरच्या थराला वाळू देत नाही. म्हणजे नुसता दिवा बदलून भागणार नव्हतं, शाईतला फोटोइनिशिएटर, म्हणजे प्रकाश पडताच शाई कडक करायला सुरुवात करणारा घटकही बदलायला हवा होता. आठ महिने शाईवाल्यांबरोबर चाचण्या केल्या. टीपीओ नावाचं असं एक रसायन छान चाललं, पण युरोपने ते प्रजननाला घातक ठरवलं. पुन्हा पहिल्यापासून! मला ते योग्यच वाटलं. एक विष काढून दुसरं घालायचं नव्हतं.

आता एलईडीवर पाऱ्याच्या दिव्यासारखा ओझोनचा वास नाही, मशीन थांबलं की दिवाही बंद. काही वार्निश मात्र अजून पाऱ्याच्या दिव्याखालीच नीट वाळतात, ते आम्ही लपवत नाही. अशा गिऱ्हाइकाला आम्ही दिवा देतो, पण जुना दिवा मूळ खोक्यात, न फुटलेला, परत आणून दिल्यावरच. तो दिवा मग पारा वेगळा काढणाऱ्या अधिकृत केंद्राकडे जातो.