आमचा २७५ आणि डालड्याचं झाकण

मी नाशिकला अंबडच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, म्हणजे दिवसभर हातात मापाचा व्हर्नियर घेऊन दुसऱ्यांनी केलेल्या पार्टला नावं ठेवायची आणि त्याचा पगार घ्यायचा. त्यामुळे चिंचेखालचा ट्रॅक्टर मी परत बांधणारे असं घरी जाहीर केलं तेव्हा आई एवढंच म्हणाली, "बाई, रविवारी तरी माणसांत ये."

ट्रॅक्टर म्हणजे बी-२७५, आजोबांनी निफाडकडून सेकंडहँड आणलेला, नंबर एमएच १५ सुरू व्हायच्या आधीचा. आता आमच्या मखमलाबादला द्राक्षापेक्षा प्लॉटच्या पाट्याच जास्त लागल्यात, राहिलेल्या दोन एकर बागेला ओळीतून जाणारा छोटा ट्रॅक्टर पुरतो, तोच फवारणीचा ब्लोअर ओढतो, त्यामुळे मोठा गेली अकरा वर्षं एका जागी उभा. सीटवर कोंबड्या. भंगारवाला वर्षातून दोनदा यायचा, मागच्या टायरला लाथ मारायचा, भाव सांगायचा, आणि नाना, म्हणजे माझे वडील, म्हणायचे "बघू दिवाळीनंतर". कुठल्या दिवाळीनंतर ते काही कधी बोलले नाहीत.

हे मॉडेल मुळात इंग्लंडचं, इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या डॉनकास्टरच्या कारखान्यातलं. १९६३ ला महिंद्राने त्या कंपनीशी भागीदारी केली आणि मग हा मुंबईत बनायला लागला. चार सिलिंडर, साधारण ३५ हॉर्सपॉवर, ८ गिअर पुढचे २ मागचे, आणि एक चाक चिखलात फिरायला लागलं तर दोन्ही चाकं बांधून टाकणारा डिफरन्शियल लॉक. आज शोरूमला जो २७५ डीआय मिळतो त्याच्या नावातला २७५ हा आमच्या म्हाताऱ्याचाच. डीआय म्हणजे डिझेल थेट पिस्टनवर मारणारं इंजिन, आमचं त्याच्या आधीचं, यात डिझेल आधी एका छोट्या खोलीत पेटतं मग सिलिंडरमधे जातं, म्हणून थंडीत हीटर दाबून वीस-पंचवीस आकडे मोजायचे आणि मग सेल्फ मारायचा. हीटर अर्थातच आमच्या घरात कुणी चालू बघितलेला नाही. निफाडकडची थंडी तर माहितीच आहे, महाराष्ट्रात पारा बऱ्याचदा तिथेच सगळ्यात खाली जातो, तर आजोबा एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटती चिंधी धरायचे. मी लहानपणी समजायचे की ट्रॅक्टरला ओवाळतायत.

तर माझा प्लॅन साधा होता. सगळं ओरिजिनल करायचं. कंपनीतून निघताना जसा होता तसा.

पहिला धक्का पान्यांनी दिला. याचे नट-बोल्ट इंची, माझ्याकडचा सेट एमएमचा, म्हणून ९/१६, ५/८ वगैरे पाने वेगळे घेतले, आणि ते घेऊन बसले तर निम्मे बोल्ट त्याला बसेनात. कारण पन्नास वर्षांत ज्याने जो बोल्ट सापडला तो मारलेला. तीन-आठच्या भोकात १० एमएमचा बोल्ट! तीन-आठ म्हणजे ३/८ इंच, ९.५२५ एमएम, आट्यांचं अंतर वेगळं, आणि तरी तो बसलेला, म्हणजे कुणीतरी पाइप लावून, दात-ओठ खाऊन बसवलेला. आमच्या कंपनीत अशा पार्टला लाल टॅग लागतो आणि मिटिंग होते. मी चिडून नानांना विचारलं हे कुणी केलं. ते लांबूनच म्हणाले, "चालला ना पण वीस वर्षं."

इंजिन जाम होतं. का, तर उभ्या सायलेन्सरवर जो उलटा डबा घालून ठेवायचा असतो तो कुठल्यातरी पावसाळ्यात उडाला आणि परत घालायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. पाणी सरळ खाली. चारपैकी ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह त्या वेळी उघडा राहिलेला, तिसरा, त्याच्यात ते उतरलं आणि पिस्टनच्या रिंगा लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, गंजून चिकटल्या. एका डब्यापायी बघा. बाकीची सिलिंडरं बरी होती, पण एक जाम म्हणजे चारही जाम, क्रँक एकच.

इथे चाचा आले. नाशिकच्या द्वारका चौकाजवळ त्यांचं गॅरेज होतं, आता मुलगा बघतो, चाचा नुसते खुर्ची टाकून बसतात. आजोबांच्या वेळेपासून हा ट्रॅक्टर त्यांच्याच हातचा. स्कूटरवर आले, ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारली, डिपस्टिक काढून वास घेतला (हो, वास) आणि म्हणाले, "बेटी, याला घाई नको करू. नोजल काढ, चारही भोकातून डिझेल ओत, आणि आठ दिवस विसरून जा." नोजल म्हणजे सिलिंडरमधे डिझेल फवारणारी तोटी. मी विसरणार कशी, रोज कंपनीतून आले की बॅटरी उजेडाला लावून फ्लायव्हीलच्या दातांत पहार अडकवून थोडं इकडे थोडं तिकडे करून बघायचे. नवव्या दिवशी बोटभर हललं. बोटभर! मी एवढ्या जोरात ओरडले की आईला वाटलं विंचू चावला.

हललं तरी तिसरा लायनर गेलेलाच होता, आत गंजाची कडी पडलेली. मग म्हटलं एवढं उघडलंय तर चारही लायनर-पिस्टन नवीन टाकू, क्रँक ग्राइंडिंगला दिला सातपूरला, हेड दिलं. याचं एक बरं आहे, हे मॉडेल एवढं खपलंय की पार्ट अजून मिळतात, आणि नाहीच मिळाले तर भद्रकाली आहे, अंबड लिंक रोडचं भंगार आहे. दुकानदार माझ्याकडे बघून आधी माझ्या मागे बघायचे, पुरुष कुठेय म्हणून, मग मी पार्टचं माप सांगितलं की मुकाट्याने मागच्या रॅककडे जायचे. पंप-नोजलवाल्याकडे मात्र मी दीड तास बसले, मजा म्हणून. टेस्टरवर नोजल लावून दांडा मारला की चांगला नोजल धुकं सोडतो आणि कर्र असा बोलतो, वाईट नोजल पिचकारीसारखी धार सोडतो आणि गप्प. आमचे चारपैकी तीन गप्प होते.

सिनेमात अशा वेळी म्हातारा मिस्त्री नुसत्या हाताने नट आवळतो आणि तो मशीनपेक्षा अचूक निघतो. तसं काही झालं नाही. हेडचे नट चाचांनी मधून बाहेर, आडवेतिडवे, बरोबर क्रमाने आवळले, मग मी टॉर्क रेंच, म्हणजे किती आवळलंय ते दाखवणारा पाना, लावला तर दोन सैल निघाले आणि एक फार जास्त. चाचा हसले. "हात बुढा हो गया," म्हणाले, आणि चहा मागितला. पुढचे सगळे नट मी आवळले, त्यांनी खुर्चीतून क्रम सांगितला.

खरी गंमत बाहेरच्या पत्र्यांची. पॉलिश पेपर मारायला लागले तर बोनेटवर वरून निळा, त्याखाली शेंदरी, त्याखाली हिरवा आणि सगळ्यात खाली तो खरा लाल. निळा आमच्या गेटचा. हिरवा माहीत नाही. शेंदरी मारुतीच्या देवळाला दिलेला, त्यातला उरलेला, असं नाना म्हणाले. ट्रॅक्टरवरचं एकेक उघडत गेले तसं नानांना एकेक आठवत गेलं, पण सांगायची पद्धत अशी की जणू स्टोअरमधला माणूस चलन वाचतोय. ॲक्सिलेटरची स्प्रिंग? जुन्या दाराची. गिअरच्या दांड्यावरचा लाकडी लट्टू? आजीच्या पलंगाचा, म्हणून पलंगाला एका बाजूला लट्टू नाही. चावीच्या जागी घरातलं काळं बटण, ते वाडा पाडला तेव्हाचं. मी सगळं काढून एका घमेल्यात टाकत होते आणि शेजारी नवीन पार्टच्या पिशव्यांची रांग लावत होते, फार समाधान वाटत होतं.

डाव्या मडगार्डला एक ठिगळ होतं, रिव्हेट मारलेलं, ताटाएवढं. वरचा रंग निघाला तसा खाली पत्रा नाही तर जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, भांडं निघालं आणि त्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, "मामाकडून सप्रेम भेट". आईला हाक मारली. आई आली, वाकून वाचलं, पदराने पुसून परत वाचलं. मग सरळ उभी राहिली आणि नानांकडे बघून म्हणाली, "माझी परात."

लग्नातली परात तीस वर्षांपूर्वी गेली होती. त्या परातीसाठी आईने त्या वेळच्या धुणंभांडीवालीवर संशय घेतला होता, तिच्याशी बोलणं टाकलं होतं, काकूंशी पण काहीतरी झालं होतं म्हणे. आणि परात एवढी वर्षं दारातच, रोज समोरून शेतात जायची आणि यायची. नाना म्हणाले, पाऊस होता, मडगार्ड सडलेलं, कांद्याची ट्रॉली भरून उभी, हाताला परात लागली. त्या दिवशी संध्याकाळी जेवताना कुणी बोललं नाही. मी ते ठिगळ काढायला गेले तर आईच म्हणाली, राहू दे. पण रंग नको मारूस त्याच्यावर, दिसू दे जरा.

म्हणजे ओरिजिनलपणाला पहिलं भोक तिथे पडलं. दुसरं झाकणाने पाडलं.

डिझेल टाकीचं झाकण म्हणजे आमच्याकडे छोट्या डालड्याच्या डब्याचं झाकण होतं. आतून सायकलच्या ट्यूबची पट्टी, आणि वर मधोमध खिळ्याने पाडलेलं भोक. भोक! डिझेलच्या टाकीला! कचरा जाईल, पाणी जाईल, मी तर ते चिमटीत धरून मैत्रिणींच्या ग्रुपवर फोटो टाकला होता. नवीन झाकण आणलं, टाकीबरोबर त्यालाही लालभडक स्प्रे मारला, दोन कोट.

चालू करायचा दिवस रविवार होता. चुलतभाऊ येताना मिसळ घेऊन आला, तर्री वेगळी बांधून. आधी एअर काढली, म्हणजे फिल्टरचा स्क्रू सैल करून हाताने पंप मारत बसायचं, बुडबुडे संपून नुसतं डिझेल यायला लागलं की तो बंद करायचा, मग पंपाचा, मग एकेका नोजलचं नट. डिझेलच्या नळीत हवेचा एक बुडबुडा जरी राहिला तरी तो दबून बसतो आणि नोजल उघडतच नाही. हीटरला नवीन वायर ओढलेली होती, आयुष्यात पहिल्यांदा हीटर दाबून पंचवीस मोजले, सेल्फ मारला, पांढरा धूर, परत मारला, धूर, धूर, एक ठोका, दोन, आणि मग चारही. चिंचेवरचे कावळे उठले. नाना काही बोलले नाहीत, फक्त सायलेन्सरच्या वर हात धरून धूर बघत राहिले, पांढऱ्याचा निळा होतो का ते, निळा म्हणजे ऑइल जळतंय. नाही झाला.

मी चढले. बांधावरून पाटापर्यंत गेले, तिथून वळवला, दोन पोरं मागे पळतायत, आणि दहाएक मिनिटांत गाडीने दम टाकला. भुस्स करून बंद. परत एअर काढली, चालू झाला. दहा मिनिटं. बंद. परत. फिल्टर उघडले, नवीन. पंपवाल्याला फोन लावला, तो म्हणे पंप ओके आहे मॅडम. मी स्वतःवरच लाल टॅग लावायच्या बेतात होते. तिसऱ्यांदा बंद पडला तेव्हा चाचा खुर्चीतून उठले, टाकीपाशी आले आणि झाकण फिरवलं. टाकीने मोठ्ठा श्वास घेतला. फुस्स.

नवीन झाकणालाही श्वासाचं भोक होतं, बारीक, आतल्या बाजूला वळवलेलं. ते मी दोन कोटांनी लिंपून टाकलेलं. डिझेल खाली जातंय, वरून हवा यायला जागा नाही, टाकीत पोकळी होते आणि डिझेल यायचं थांबतं, शाळेतलं विज्ञान आहे हे. आजोबांना शाळा चौथीपर्यंत होती. नानांनी घमेल्यातून डालड्याचं झाकण शोधून काढलं, पँटला पुसलं, टाकीवर दाबून बसवलं आणि ट्रॅक्टर संध्याकाळपर्यंत बंद पडला नाही.

मग घमेलं मी परत एकदा चाळलं, यावेळी बसून, चष्मा लावून. दाराची स्प्रिंग नव्या स्प्रिंगपेक्षा मऊ निघाली, पाय दुखत नाही, ती परत लावली. लट्टू परत लावला. काळं बटण मात्र नाही लावलं, त्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या हे नानांनी पण कबूल केलं. १० एमएमचे बोल्ट तर एकूणएक काढले, त्याबाबत मी कुणाचंही ऐकणार नव्हते. रंग लाल. मडगार्डवर परात, चकचकीत, आईने चिंच लावून घासली. मागच्या महिन्यात एकजण आला होता, जुने ट्रॅक्टर जमवणारा, फिरून फिरून बघितलं आणि म्हणाला बाकी छान आहे पण हे दोन-तीन आयटम ओरिजिनल नाहीत. आई परातीपाशीच उभी होती. त्याला चहा काही मिळाला नाही.

काम असं त्याला फारसं नाहीच. दसऱ्याला झेंडूची माळ, कधी शेजाऱ्यांची अडकलेली ट्रॉली ओढून दे, कधी नानांची इच्छा म्हणून पडीक तुकड्यात नांगर. इंजिनखाली अजून ऑइलचा थेंब पडतो, दिवसाला एक, मी सील दोनदा बदललं.

आणि नाना संध्याकाळी तो पाटाच्या भरावाकडेच नेऊन लावतात, तोंड उताराला करून. पूर्वी बॅटरी कायम डाऊन, म्हणून सकाळी गिअरमधे टाकून उतारावरून सोडला की चालू व्हायचा. आता बॅटरी नवी, सेल्फ नवा, अर्ध्या चक्करमधे घेतो. मी परवा म्हटलं, नाना, अंगणातच लावा की आता, शेडमधे, बटण दाबलं की होतोय चालू.

"होतोय ना," म्हणाले. सायलेन्सरवर डबा उलटा घातला, आणि नेहमीचा दगड पायाने सरकवत चाकाखाली बसवला.