चणे मिळाले तेव्हा दात नव्हते

189 स्ट्रेंग्थ (ताकद) आणि 110 डेक्स्टेरिटी (चपळाई). हे दोन आकडे मला माझ्या पहिल्या मोबाईल नंबरपेक्षा पक्के पाठ आहेत. डायब्लो 2 ह्या कॉम्प्युटर गेममध्ये 'द ग्रँडफादर' नावाची एक युनिक, म्हणजे फार दुर्मिळ, तलवार आहे, ती हातात धरायला एवढं लागतं, वर लेव्हल 81 पाहिजे. मला ती मिळाली तेव्हा माझा बार्बेरियन, म्हणजे गेममधला माझा योद्धा, होता लेव्हल 78 ला, अंगावरचं सगळं धरून स्ट्रेंग्थ 118 आणि डेक्स 60. लेव्हल वाढली की मिळणारे बाकी सगळे पॉइंट मी व्हायटॅलिटीत, म्हणजे जीव वाढवण्यात, ओतले होते कारण आतेभाऊ म्हणायचा की जिवंत राहिलास तर मारशील ना.

कॅफेत चौघं जण लॅनवर खेळायचो, कॅरेक्टरची फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन फिरायचो, आणि ती तलवार पडली तेव्हा मी जो ओरडलो त्यावर काउंटरवरचे काका म्हणाले की बाहेर जाऊन ओरड. मग तलवार उचलली, बघतो तर सगळी लाल, म्हणजे वापरता येणार नाही. मागे रफ वहीत हिशोब केला. स्ट्रेंग्थला 71 कमी, डेक्सला 50 कमी, म्हणजे 121 पॉइंट. लेव्हलला 5 पॉइंट मिळतात, म्हणजे अजून 25 लेव्हल, म्हणजे मी 103 लेव्हलला पोचलो की तलवार माझी. आणि गेम संपतो 99 ला!

आतेभाऊ अर्धा तास हसत होता. "अरे येड्या, दात आहेत तर चणे नाहीत ऐकलं होतं, तुझं उलटंच झालंय."

तर तेव्हापासून कुठलाही ऑनलाइन आरपीजी (आपलं कॅरेक्टर वाढवत नेण्याचा गेम) हातात घेतला की मी आधी हेच बघतो, की ह्या गेमने चणे कुठे ठेवलेत आणि दात कुठे. चणे म्हणजे रेअरिटी, वस्तू किती मुश्किलीने पडते ते. दात म्हणजे रिक्वायरमेंट, पडल्यावर ती वापरायला अंगात काय लागतं ते. लोक ह्या दोन गोष्टी एकच धरतात, "भारी वस्तू आहे म्हणजे रेअर असणार आणि रिक्वायरमेंटपण जास्त असणार", आणि बरेच गेम बनवणारे पण तसंच करतात, दोन्ही मीटर एकदम वर ढकलतात. पण एक नशीब आहे आणि एक मेहनत आहे. मेहनतीची तारीख ठरवता येते, नशिबाची नाही. दोन्ही एकाच वस्तूवर लादलं की ती वस्तू माझ्या तलवारीसारखी स्टॅशमध्ये, म्हणजे गेममधल्या कपाटात, पडून राहते. स्टॅशमध्ये 48 खाने, तलवार 8 खाने खाते, म्हणजे माझ्या कपाटाचा सहावा भाग वर्षभर शोभेसाठी गेला होता.

आता त्याच गेममधलं उलटं उदाहरण बघा, मोनार्क ढाल. ढाल साधी, रेअर वगैरे काही नाही, हेल डिफिकल्टीत, म्हणजे सगळ्यात अवघड पातळीवर, थोडा वेळ फिरलात तर पांढरी मोनार्क मिळतेच. तिला चार सॉकेट (भोकं) घ्यायचे, त्यात ताल थुल ऑर्ट अम्न हे चार रून (जादूचे दगड) क्रमाने बसवायचे की 'स्पिरिट' नावाची जादूची ढाल तयार, आणि हे चारही रून खालचेच, कुणी भांडत नाही त्यांच्यावर. म्हणजे चणे फुकट. पण मोनार्कला स्ट्रेंग्थ लागते 156! आणि ही ढाल सगळ्यात जास्त हवी कुणाला, तर सोर्सेरेसला, म्हणजे जादूगारणीला, जिची सुरुवातच 10 स्ट्रेंग्थने होते. अंगावरच्या बाकी वस्तूंमधून काही मिळालं नाही तर 146 पॉइंट, जवळजवळ 30 लेव्हलची कमाई, फक्त ढाल धरण्यासाठी. सोर्सेरेसला व्हायटॅलिटीच्या एका पॉइंटला 2 लाइफ मिळते, म्हणजे ढालीची खरी किंमत आहे 292 लाइफ. देताय का बोला. आणि शेजारी पॅलाडिन हा धर्मयोद्धा तीच स्पिरिट स्वतःच्या सेक्रेड टार्ज ढालीत 86 स्ट्रेंग्थवर करून मोकळा. किती तरी लोकांनी 146 दिले, किती तरी लोकांनी नाही म्हणून सांगितलं, आणि वीस वर्षं झाली तरी ह्यावर भांडणं चालू आहेत. मला विचाराल तर अख्ख्या गेममधली सगळ्यात चांगली बॅलन्स केलेली वस्तू ही आहे, कारण इथे नशिबाला कुणी विचारतच नाही, तुम्ही काय सोडायला तयार आहात एवढंच विचारतात.

मग रेअर वस्तूंची रिक्वायरमेंट काढूनच टाका ना, असं वाटेल. त्याचं पण उदाहरण तिथेच आहे. हार्लेक्विन क्रेस्ट नावाची टोपी, सगळे तिला शाको म्हणतात. स्ट्रेंग्थ फक्त 50, लेव्हल 62, सगळ्या स्किलला +2, लाइफ, माना (जादूची शक्ती), मॅजिक फाइंड (चांगल्या वस्तू पडण्याची शक्यता), सगळंच. परिणाम काय झाला, तर कुठल्याही गेममध्ये शिरा, नेक्रोमॅन्सर असो नाहीतर अ‍ॅमेझॉन, निम्म्या जणांच्या डोक्यावर तोच शाको. लग्नात सगळ्या पाहुण्यांना एकाच तागातले फेटे बांधतात ना, तसं. दात लागतच नसतील तर चणे सगळेच खातात, मग बिल्ड-बिल्ड (पॉइंट कुठे घालायचे ह्याचा प्लॅन) म्हणून जे काय आपण करतो त्याला अर्थ राहत नाही.

ह्या सगळ्यात रूनस्केप नावाच्या दुसऱ्या ऑनलाइन गेमवाल्यांनी जे केलं ते मला फार उशिरा कळलं. तेव्हा तो ब्राउझरमध्ये चालायचा, इन्स्टॉल करायला लागत नव्हता म्हणून आम्ही खेळायचो, अक्कल नव्हती. तिथे अबिसल व्हिप नावाचा चाबूक आहे. वापरायला अटॅक ह्या स्किलची लेव्हल 70 पाहिजे. पण ज्या राक्षसाकडून तो पडतो त्याला मारायलाच स्लेयर (राक्षस मारण्याचं स्किल) 85 लागतं! ओल्ड स्कूल रूनस्केपचा हिशोब सांगतो. 70 लेव्हलला एकूण 7 लाख 37 हजार एक्सपी (अनुभवाचे पॉइंट) लागतात, 85 ला 32 लाख 58 हजार. म्हणजे मिळवण्याचं दार वेगळं आणि वापरण्याचं दार वेगळं, आणि मिळवण्याचं चौपटीहून अवघड. वर ड्रॉप 512 राक्षसांमागे एक. (लोकांना वाटतं 512 मारले की मिळणारच. नाही बाबांनो. 512 मारूनही शंभरातले 37 जण रिकाम्या हाताने घरी जातात, हजार मारूनही 14 जण. मी त्या 14 मधला आहे हे वेगळं सांगायला नको.)

पण चाबूक विकता येतो, गंमत ती आहे. ज्याच्याकडे स्लेयर आहे तो मारतो आणि विकतो, ज्याच्याकडे फक्त 70 अटॅक आहे तो मासे पकडून, लाकडं तोडून पैसे जमवतो आणि विकत घेतो. दोन दारांमध्ये फट ठेवली आणि त्या फटीत अख्खा बाजार बसला. माझ्या ग्रँडफादरला हे नशीब नव्हतं कारण आमचा बाजार म्हणजे कॅफेतले चौघं, आणि बाकी तिघांत बार्बेरियन एकही नव्हता.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट ह्या गेमबद्दल जास्त बोलत नाही, तिथे स्ट्रेंग्थ-बिंग्थची अट नाही, लेव्हल झाली आणि तुमच्या क्लासला ते हत्यार चालत असलं की बास. मग भांडण आधी होतं, वाटणीच्या वेळी. म्हणून तर तिथे "प्रत्येक हत्यार हंटरचंच" हा जोक आहे, कारण हंटर क्लासवाले दिसेल त्या हत्यारावर हक्क सांगतात.

एल्डन रिंग ह्या गेममध्ये अजून वेगळं, तिथे दार अर्धं उघडं ठेवलंय. जायंट-क्रशर म्हणून अवाढव्य हातोडा आहे, ठरलेल्या जागी ठेवलेला, नशिबाचा संबंध नाही, जा आणि उचला. स्ट्रेंग्थ लागते 60. पण दोन्ही हातांनी धरला की तुमची स्ट्रेंग्थ दीडपट मोजतात, म्हणजे 40 वर काम भागतं, फक्त ढाल विसरायची. आणि तेवढीही नसेल तरी हातोडा लाल होऊन रुसून बसत नाही, उचलता येतो, नुसता मार अगदीच फुसका बसतो. मला हे फार आवडलं. डायब्लोने पण थोडी पळवाट ठेवली होतीच, इथेरियल वस्तूला दोन्ही स्टॅट 10 ने कमी लागतात आणि डॅमेज दीडपट, पण रिपेअर होत नाही, म्हणजे कधीतरी मोडणार हे माहीत असून वापरायची.

तर सगळा हिशोब करून माझं मत असं झालंय की रेअर वस्तूची रिक्वायरमेंट मोठी नको, तिरकी पाहिजे. म्हणजे बार्बेरियनच्या तलवारीला 189 स्ट्रेंग्थ मागणं ह्यात डोकं काय लावलं? पण तीच तलवार 90 स्ट्रेंग्थ आणि 80 एनर्जी मागत असती तर? एनर्जीत बार्बेरियन एक पॉइंट घालत नाही. तलवार पडली की तुम्ही रात्रभर जागून विचार करणार की हिच्यासाठी माझा अख्खा प्लॅन मोडू का. रेअर वस्तूने एवढं तरी करावं.

अर्थात हे सगळं तेव्हाच चालतं जेव्हा पॉइंट परत घेता येत नाहीत, किंवा निदान महाग पडतात. डायब्लो 2 मध्ये 2010 च्या 1.13 पॅचपर्यंत (पॅच म्हणजे गेममधली सुधारणा) रीस्पेक, म्हणजे घातलेले पॉइंट परत घेणं, नव्हतंच. एकदा घातला तो पॉइंट गेला. नंतर गेममधल्या अकाराबाई प्रत्येक डिफिकल्टीला एकदा फुकट परत देऊ लागल्या. सोय झाली खरी, मी पण वापरतो, खोटं कशाला बोलू, पण 156 चा आकडा तेव्हापासून निर्णय राहिला नाही, टोल नाका झाला.

आतेभावाला हे सगळं फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, तुला तलवार वापरता आली नाही म्हणून तू एवढं तत्त्वज्ञान झाडतोयस. असेल.

डायब्लो 2 ची नवी आवृत्ती 'रिसरेक्टेड' 2021 ला आली तेव्हा मी नवीन बार्बेरियन काढला. ह्या वेळी आधीच स्ट्रेंग्थ 189 आणि डेक्स 110 करून ठेवली. लाइफ इतकी कमी आहे की हेलमध्ये कुणी जोरात बघितलं तरी मरतो. आता लेव्हल 84 आहे. ग्रँडफादर अजून पडलेला नाही.